खाली पायलं का, बा?

सानगडीच्या आमच्या घरात दिवस उजाडायचा तो व्हॅनच्या आवाजानं. कोंबडा त्याआधी आरवत असणार, पण त्याची दखल घ्यायला कोणी जागं नसायचं. अंगणात कडुलिंबाखाली ती जुनी डिझेलची व्हॅन उभी असायची, आणि थंडीच्या दिवसांत तिला सुरू करणं म्हणजे रुसलेल्या पाहुण्याला जेवायला उठवण्यासारखं असायचं. बा, म्हणजे माझे वडील, पुढच्या दोन सीटांमधलं इंजिनाचं झाकण उचलायचे, तेलाची पट्टी ओढून खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसायचे, पुन्हा आत घालून पुन्हा काढायचे आणि उजेडाकडे धरून बघायचे. मग रेडिएटरमध्ये पाणी. ते मायनं विहिरीवरून भरून आणलेल्या पितळी गुंडातलं असायचं, आणि बांनी गुंड उचलला की चुलीपुढून आवाज यायचाच, "प्यायचं पानी तिले पाजून राहिले जी, अन् आमी काय प्यायचं?" गाडी सुरू झाली की ती लगेच हलवायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. "झोपेतून उठल्याबरोबर तुले कोणी पळवलं त चालन का? तिलेबी उठू द्या आंदी." ती उठेपर्यंत धूर घरभर व्हायचा, माय खोकत खोकत रात्रीच्या भाताला फोडणी द्यायची आणि आम्ही दोघी बहिणी डोळे चोळत पायरीवर येऊन बसायचो. डिझेल, मोहरी आणि कडुलिंब यांचा मिळून एक वास होता. तो मला पुन्हा कुठे मिळाला नाही.

गाडीत बसण्याआधी आमच्याकडे एक रीत होती. बा रात्री इंजिनाच्या खाली एक जुनं पोतं अंथरून ठेवायचे आणि सकाळी ते ओढून त्यावरचे डाग बघायचे. काळा डाग असला तर इंजिनचं तेल, नुसती ओल असली तर पाणी, आणि चाकाजवळ चिकट पातळ डाग असला तर ब्रेकचं तेल, म्हणजे त्या दिवशी गाडी अंगणातून हलणार नाही. मग ते उकिडवे बसून, मान वाकडी करून खाली डोकवायचे. कोंबडीची पिल्लं, शेजारच्यांचं कुत्रं, एकदा तर बकरीचं करडू तिथे झोपलेलं सापडलं. ते पाहून ताई, म्हणजे माझी थोरली बहीण कुसुम, फार रडली होती, करडू चांगलं जिवंत असूनही. तेव्हापासून तिनं ठरवलं की बसण्याआधी विचारायचं. "खाली पायलं का, बा?" ती विचारायची, आणि बा म्हणायचे, "पायलं. बसा." हळूहळू मीही विचारायला लागले, मग साकोलीला जाणाऱ्या सवाऱ्याही. बाजारच्या दिवशी टोपल्या घेऊन चढणाऱ्या म्हाताऱ्या बायका हसत हसत ओरडायच्या, "खाली पायलं का गा डायवर?" आणि बा प्रत्येकीला तेच उत्तर द्यायचे, न कंटाळता. त्या एका प्रश्नाशिवाय आमची व्हॅन कधी निघाली नाही. एकदाच निघाली.

बा आधी एका राइस मिलचा ट्रक चालवत. तो सोडून त्यांनी ही व्हॅन घेतली आणि सानगडी–साकोली सवाऱ्या सुरू केल्या. लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याचे रोगी, शाळेच्या सहली, सगळं त्यातूनच जायचं. पण गावोगाव त्यांचं नाव झालं ते वेगळ्याच कामासाठी. कोणाला जुनी गाडी विकत घ्यायची झाली की लोक बांना सोबत न्यायचे, पोरगी पाहायला जाताना एखादा जाणता माणूस नेतात तसं. चहा-पोहे व्हायचे, विकणारा गाडीचे गुण सांगायचा, आणि बा तोंडातून शब्द न काढता गाडीभोवती फिरायचे. पायाखालचं रबर उचलून पत्रा गंजलाय का बघायचे. टायर एकाच बाजूनं झिजलेलं असलं तर बोट ठेवून घेणाऱ्याला नुसतं दाखवायचे. स्क्रू पिळायचा एक लांब पेचकस होता त्यांच्याकडे, त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकायचा. ताज्या रंगाचा वास आला की ते दोन पावलं मागे सरकायचे. "रंग कोनी उगीच नाई देत," म्हणायचे. मला ते सुट्टीत कधी कधी बरोबर न्यायचे, आणि परत येताना सगळं समजावून सांगायचे, जणू मी उद्या गॅरेजच काढणार होते. आता लोक गाडी घ्यायला जातात तेव्हा आधी आतला टीव्हीसारखा पडदा केवढा आहे ते बघतात, मग रंग, मग त्याच्यापुढे उभं राहून फोटो. मी मनात म्हणते, खाली कोण बघणार?

अशीच एक गाडी बघायला ते आंधळगावला गेले होते. विकणारे तिथले हातमागाच्या कापडाचे व्यापारी, चांगलं खातंपितं घर. बांनी इंजिनावर तळहात ठेवला आणि लगेच काढला. "सकाळीच चालू करून ठेवली होती का जी?" त्यांनी विचारलं. व्यापारी गडबडले. थंड इंजिन उठायला त्रास देतं, तो लपवायचा असला की विकणारे गाडी आधीच तापवून ठेवतात, हे बांनी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं. सौदा मोडला. पण चहा आणून देणारा त्यांचा मुलगा बांच्या मनात भरला. उंच, शांत, वडिलांची चोरी पकडली गेली तेव्हा खाली मान घालून उभा राहिलेला. वर्ष उलटायच्या आत ताईचं लग्न त्याच्याशी झालं. गाडी नापसंत केली आणि जावई पसंत केला, असं माय सगळ्यांना सांगायची, आणि व्याही हसायचे खरे, पण ते हसू मला तेव्हाही पुरतं आवडलं नव्हतं.

लाखोरीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे धान कापणीला येतं तेव्हाच बांधीतल्या, म्हणजे धानाच्या वाफ्यातल्या, ओलीत लाखोरीचं बी फेकतात. धान निघून जातं आणि त्याच्या खुंटांत ही डाळ वाढते. फाल्गुनात ती उपटून आणली की मळायला खळं हवं, बैल हवेत. ते सगळं करण्यापेक्षा लोक ती सरळ डांबरी रस्त्यावर पसरवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांवर सोडून देतात. शहरातल्या माणसाला हा वेडेपणा वाटतो. आमच्याकडे तो शेजारधर्म होता. साकोलीच्या वाटेवर तुळशीरामकाकांचं शेत होतं आणि त्यांची लाखोरी दिसली की बा गाडी सावकाश करायचे, तिच्यावरून जायचे, पुढे जाऊन वळायचे आणि पुन्हा तिच्यावरून यायचे. सवाऱ्या कुरकुरल्या की म्हणायचे, "बसा ना जी, डाळ तुमीच खानार आहा." हंगाम संपला की काका सूपभर लाखोरी आमच्या ओट्यावर आणून ओतायचे आणि त्या दिवशी माय डाळ भिजत घालायची. दुसऱ्या दिवशी वडे. जवसाची चटणी, कच्चा कांदा आणि ते वडे. बा परतीच्या फेरीला येईपर्यंत थोडे झाकून ठेवावे लागायचे, कारण ताईचा आणि माझा काही भरवसा नव्हता.

पण लाखोरीवरून गेलं की एक काम करावंच लागायचं. वाळलेल्या काड्या गाडीखाली वर उडतात, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याला गुंडाळल्या जातात, आणि शेजारून तापलेली सायलेन्सरची नळी गेलेली असते. त्या काड्या तशाच राहिल्या तर पुढे कुठेतरी धुमसायला लागतात. म्हणून काकांचं शेत संपलं की एक मोठं मोहाचं झाड होतं, तिथे बा थांबायचे. खाली उतरून, दुपट्टा हाताला गुंडाळून, ते दांड्याभोवतीच्या काड्या ओढून काढायचे. विडी ओढून होईल एवढाच वेळ लागायचा. सवाऱ्याही पाय मोकळे करून घ्यायच्या. नवीन गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला ते हे सांगायचे, "काडीवरून गेला का थांबजो. किती बी घाई असो, थांबजो." मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्याचा कंटाळा यायचा.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे आमच्याकडे ठरलेलंच. सासरचे म्हणत होते, भंडाऱ्याला दाखवू, आंधळगावहून जवळ पडतं. माय ऐकेना. तिनं दोन महिने आधीच डिंक, मेथी, गूळ आणून ठेवला होता, जुन्या साड्यांची मऊ दुपटी शिवली होती. बांनी व्हॅनची मधली सीट काढून ठेवली आणि खाली गादी घातली, वेळ आली तर आडवं नेता यावं म्हणून. त्या दिवसांत ताई दिवसभर ओट्यावर बसून असायची. संध्याकाळी बा परतले की गाडीच्या दारातून उतरायच्या आधी तिच्याकडे बघायचे. ती हसली की मगच उतरायचे. इतकं भरलेलं आमचं घर मी पुन्हा पाहिलं नाही.

कळा सकाळी सुरू झाल्या. सुईणबाई आली, तिनं बराच वेळ पाहिलं, आणि दुपारपर्यंत तिचा चेहरा बदलला. "मले नाई जमत हे. मूल आडवं हाये. साकोलीले न्या, लवकर न्या," ती म्हणाली. मग जे काही झालं ते धावपळीत झालं. बांनी ताईला उचलून गादीवर ठेवलं, माय तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी तिच्या पायांशी. गाडी उन्हात तापलेलीच होती, लगेच सुरू झाली. कोणी काही विचारलं नाही. आम्ही निघालो.

तुळशीरामकाकांच्या शेतापाशी त्यांची लाखोरी रस्ताभर पसरलेली होती. दाट, नुकतीच टाकलेली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. काकांनी गाडीचा वेग पाहून ओळखलं असावं. ते लाकडी काटा घेऊन धावले, काड्या बाजूला ओढायला लागले, पण तेवढ्यात किती ओढणार? बा काच खाली करून ओरडले, "राहू द्या काका, राहू द्या!" आणि गाडी तशीच वरून घातली. खाली काड्यांचा असा आवाज झाला, जणू कोणी पत्रा खरवडतंय. ताई विव्हळत होती. मोहाचं झाड दिसायला लागलं आणि मला अजून आठवतं, बांनी पाय उचलला. गाडी हळू झाली. त्यांचा डावा हात गिअरकडे गेला होता. तेव्हा माय बोलली. "थांबू नोका जी. पोरगी जाऊन राहिली माई. थांबू नोका." बांनी आरशात मागे पाहिलं. ताईचे ओठ पांढरे झाले होते. मोहाचं झाड मागे गेलं.

वास आधी मलाच आला. जळक्या गवताचा, साधा, शेतात कोणी धुरी केल्यासारखा. मी म्हटलं, "बा, वास येऊन राहिला." ते म्हणाले, "येवू दे. आली साकोली." साकोली आली नव्हती. त्यांना ते माहीत होतं आणि मलाही. मग पायांखालचा पत्रा गरम झाला आणि फटीतून धूर आत आला. बांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, मागचं दार उघडलं आणि ताईला गादीसकट ओढून बाहेर काढलं. आम्ही तिला पळसाच्या झाडाखाली ठेवलं. बा परत गाडीकडे धावले, दुपट्ट्यानं आग झोडपायला लागले. दुपट्टाच पेटला. बाजूच्या शेतातून माणसं पळत आली, कोणी माती टाकली, कोणी बोडीतून, शेताकडच्या लहान तळ्यातून, घमेल्यानं पाणी आणलं. पण आग डिझेलपर्यंत पोहोचली होती आणि सगळ्यांना मागे सरावं लागलं. एका माणसानं बैलगाडी जुंपली. रस्त्यावर तेव्हा दुसरी कुठली गाडी आली नाही. बैलगाडीतून साकोली गाठायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. ताईनं वाटेत ओरडणं थांबवलं होतं आणि मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते, ती श्वास घेतेय हे कळावं म्हणून.

ताई वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती. डॉक्टरीणबाईंनी बांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की थोडं आधी आणायला हवं होतं. त्या वाईट मनानं म्हणाल्या नव्हत्या. बांनी मान हलवली. त्यांच्या हाताला भाजलं होतं, ते त्यांनी दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी नर्सच्या लक्षात आलं.

आंधळगावहून व्याही आले तेव्हा बा आमच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते, भाजलेल्या हाताला पट्टी बांधलेली. व्याह्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "माया गाडीची खोट हात लावून सांगतली होती तुमी, चार लोकांत," ते म्हणाले. "सोताच्या गाडीखालची काडी नाई दिसली तुमाले?" माय दारातून पुढे आली. तिनं तोंड उघडलं होतं. ती काय बोलणार हे मला ठाऊक होतं आणि बांनाही ठाऊक होतं, कारण त्यांनी तिच्याकडे न बघताच म्हटलं, "चूक माई हाये. दुसऱ्या कोनाची नाई." माय तिथेच थांबली. त्या दिवसानंतर या विषयावर आमच्या घरात कोणी एक अक्षर बोललं नाही, आणि मला वाटतं, न बोलण्यानंच ते घर पोखरलं. माय पुढे बरीच वर्षं जगली. पण बांच्या ताटात भात वाढताना तिनं त्यांच्या तोंडाकडे कधी पाहिलं नाही.

ताईला ते घेऊन गेले आणि मग पाठवलं नाही. पोळ्याला नाही, दिवाळीला नाही, माझ्या लग्नालाही नाही. तिला पुन्हा मूल झालं नाही. तिच्या दिरांची मुलं तिनं वाढवली, त्यांचे डबे, त्यांची आजारपणं. जळलेली व्हॅन रस्त्याकडेला पडून राहिली, लोकांनी तिचा एकेक भाग काढून नेला आणि उरलेल्या सांगाड्यावर रानवेली चढल्या. बा त्याच राइस मिलमध्ये चौकीदार म्हणून लागले, पायी जायचे, पायी यायचे. गाडी बघायला बोलवायला लोक येतच राहिले. त्यांना ते म्हणायचे, "मले नाई समजत आता गाडीतलं." पहिल्यांदा लोकांना ती थट्टा वाटली. पुढच्या फाल्गुनात तुळशीरामकाका नेहमीसारखे सूपभर लाखोरी घेऊन आले, ओट्यावर ठेवली आणि न बसता गेले. मायनं ती शेजारी देऊन टाकली. आमच्या घरात त्यानंतर लाखोरीचे वडे झाले नाहीत. मी आजही खात नाही, आणि खात नाही याचं कारण सुनेला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मला पचत नाहीत.

माय गेली तेव्हा ताई आली होती. साकोलीपासून सानगडीपर्यंत सगळा रस्ता तिनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता, असं तिच्या सोबतच्या पुतण्यानं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती परत गेली. तोवर तिचे सासूसासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, तिला अडवणारं कोणी नव्हतं. मी फोनवर विचारायची, काहून येत नाहीस? ती म्हणायची, "त्या रस्त्यानं येवत नाई वं मले." मी वाद घातला नाही. मला स्वतःला त्या रस्त्यानं कामावर जावं लागायचं, तेव्हा मी बसमध्ये पळसाच्या बाजूला बसत नसे.

गेल्या वर्षी मी नोकरीतून निवृत्त झाले आणि बांना सांभाळायला सानगडीलाच येऊन राहिले. बांनी ऐंशी ओलांडली आहे. छातीत पाणी होतं, पाय सुजतात, आणि डॉक्टरांनी मला जे सांगायचं ते सांगून ठेवलं आहे. औषधाची गोळी हातात घेऊन एक दिवस ते म्हणाले, "शकू, कुसुमले एकदा आन ना घरी." इतक्या वर्षांत त्यांनी तिचं नाव घेतल्याचं मला आठवत नाही. मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "बसनं नाई येत मी. तुमी या. मंग पायतो." म्हणून मी गाडी चालवायला शिकले. या वयात! शिकवणारा माणूस म्हणाला, मॅडम, तुम्हाला गाडीतलं सगळं माहीत आहे, फक्त चालवता येत नाही. ते खरंच होतं. बांनी मला सगळं सांगितलं होतं, आणि त्या दिवसानंतर त्यांच्याकडे 'शिकवा' म्हणायची माझी छाती झाली नव्हती. मग एक जुनी, लहानशी कार घेतली. थंड इंजिन सुरू करून पाहिलं, पायाखालचं रबर उचललं, टायरवरून बोट फिरवलं. सगळं एकटीनं. अंगणात आणून उभी केली तेव्हा बा खिडकीतून बघत होते. बाहेर आले नाहीत.

निघायच्या दिवशी मात्र ते धुतलेला सदरा घालून तयार होते. मी म्हटलं, तुमची तब्येत, एवढा लांबचा रस्ता. त्यांनी ऐकलं नाही. फाल्गुनच होता. मी मुद्दाम धरला नव्हता, पण टाळलाही नव्हता. तुळशीरामकाकांच्या शेतापाशी त्यांच्या नातवाची लाखोरी पसरलेली होती, अर्ध्या रस्त्यावर. समोरून ट्रक येत होता, म्हणून मला तिच्यावरून जावंच लागलं. तोच खरवडल्याचा आवाज. बांनी दाराची मूठ धरली. मोहाचं झाड तोडून आता तिथे पानटपरी झाली आहे. ती दिसली तसे ते म्हणाले, "थांब."

ते उतरले. उकिडवं बसणं त्यांना आता जमत नाही, म्हणून ते सरळ डांबरावर बसले, पाय पसरून, आणि मग कोपरावर आडवे झाले. मी म्हटलं, "मी काढतो ना बा." त्यांनी हात हलवून मला गप्प केलं. हात आत घालून त्यांनी चाचपलं. टपरीवाला बघत उभा होता. मी त्यांच्या शेजारी वाकून उभी होते आणि इतकी वर्षं घशात धरून ठेवलेलं माझ्या तोंडून निघून गेलं. "बा, थांबू नोका असं तवा मायनं म्हटलं होतं. मी आयकलं होतं." त्यांचा हात आतच थांबला. "मायनं काई नाई म्हटलं," ते म्हणाले. मग पुन्हा काड्या ओढत, "अन् म्हटलं असन तरी स्टेरिंग कोनाच्या हातात होतं?" त्यांनी मूठभर काड्या बाहेर काढल्या, रस्त्याच्या कडेला ठेवल्या आणि मी त्यांना उठवावं म्हणून हात पुढे केला. मी रडत होते. ते रडत नव्हते.

पळस अजून आहे. तिथून जाताना दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. साकोली, लाखनी, भंडारा मागे टाकत आम्ही दुपार टळता टळता आंधळगावला पोहोचलो. हॉर्न वाजवायची गरज पडली नाही. ताई दारातच खुर्ची टाकून बसलेली होती, पायांशी एक लहान पिशवी. केस पूर्ण पांढरे. ती उठली आणि अंगणात येऊन गाडीपासून काही अंतरावर थांबली. बा दार धरून कसेबसे उतरले, काठी टेकून उभे राहिले. भाऊजी आतून आले, त्यांनी बांना हात जोडले आणि नेहमीसारखे एका बाजूला झाले. ताईनं बांच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, सदऱ्याला लागलेल्या डांबराच्या धुळीकडे पाहिलं, मग गाडीकडे. मला वाटलं, ही आता आत निघून जाईल.

"खाली पायलं का, बा?" तिनं विचारलं.

बांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"पायलं," ते म्हणाले. "बस."

ताई तरीही थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं पिशवी उचलली आणि मागचं दार उघडलं.